शेवटची ओळ राहू दे

भिंतीवर लिहिणारा सापडेपर्यंत मैदानात पाय ठेवायचा नाही, असं रंगारीकाकांनी ठणकावून सांगितलं, आणि ऐन सुट्टीत चौकडी रस्त्यावर आली.

सुट्टीत प्राथमिक शाळेला रंग लावायचं काम चाललं होतं. त्यामुळे फाटक दिवसभर उघडं असायचं आणि मैदान चौकडीला आंदण मिळाल्यासारखं झालं होतं. काकांची अट एकच, ओल्या रंगाला हात लावायचा नाही. ती सगळ्यांनी इमानेइतबारे पाळली होती. पण मागच्या बाजूला पाण्याची टाकी होती, तिच्या भिंतीवर कुणीतरी खडूने काहीबाही लिहायला लागलं. काकांनी दोनदा ओल्या फडक्याने पुसलं, तरी भिंत पुन्हा भरलेली. मग त्यांनी पुसणं सोडलं आणि मुलांना धरलं.

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" रेडिओ म्हणाली. ही समोरच्या घरातली मुलगी. सकाळी उठल्यावर जी सुरू व्हायची ती झोपेपर्यंत बंद व्हायची नाही, म्हणून तिचं नाव रेडिओ.

"संन्याशाला हे तू कशावरून म्हणतेस?" शंकासुराने विचारलं. हा ताईचा आतेभाऊ, सुट्टीपुरता राहायला आलेला. आईने जेवायला हाक मारली तरी तो आधी विचारायचा, की खरंच जेवायची वेळ झाली आहे का.

ताई बारा वर्षांची, मोठ्या शाळेत जाणारी. बाकीचे दोघे तिच्याच वयाचे असूनही तिला ताईच म्हणत, कारण भांडण सोडवायची वेळ आली की सगळे तिच्याकडेच बघत. चौथी पिटू, ताईची सख्खी धाकटी बहीण, आठ वर्षांची. पिटू नुकतीच तिसरी पास झाली होती, की नव्हती, हाच तर घरात सगळा घोळ होता.

सुट्टी लागताना शाळेने आईला बोलावून घेतलं होतं. पिटूच्या वर्गाच्या बाईंनी सांगितलं की हिची गणितं सगळी अर्धवट, एकाही गणिताचं उत्तर नाही, हिचा वेग फारच कमी आहे, तेव्हा हिला पुन्हा तिसरीतच बसवलेलं बरं. शेवटचा निर्णय हेडसर घेतील. आई घरी आली ती सरळ शिलाई मशिनवर जाऊन बसली आणि एका झग्याची बाही उलटी जोडून बसली. मग सगळी टीप उसवावी लागली. बाबा बस चालवायचे. ते संध्याकाळी आले, सगळं ऐकून घेतलं आणि 'बघू' एवढंच म्हणाले.

ताईला ते पटेना. पिटूचा वेग कमी? हीच पिटू बोलायला लागली तेव्हापासून बसच्या पाट्या वाचत होती. दुसरीत असताना ती सगळ्यांच्या आधी गणितं संपवायची आणि मग तास संपेपर्यंत फळा पूस, वह्या वाट, खिडक्या लाव अशी कामं करायची. हुशारीचं बक्षीस काय, तर हमाली! तिसरीत गेल्यावर मात्र तिची कळी खुलली होती. रोज घरी येऊन बडबड करायची. मग वर्षाच्या मध्यावर काय झालं कोण जाणे, पोर गप्प झाली. आणि आता तिला पुन्हा तिसरीत बसवणार म्हटल्यावर ती रडली नाही की चिडली नाही. "बरं," म्हणाली, आणि बाक तोच मिळेल ना, असं तिने विचारलं.

ते 'बरं' ताईच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

*

चोर शोधायचा तर आधी चोरी बघायला हवी. पिटू दुपारची झोपते म्हणून तिला घरी ठेवून तिघं टाकीमागे गेली. काका पुढच्या बाजूला परांचीवर चढून छताला ब्रश मारत होते.

भिंत बघून तिघंही चाट पडली. त्यांना वाटलं होतं, वेडीवाकडी चित्रं असतील, कुणाची तरी टिंगल असेल. तिथे होती गणितं. ओळीखाली ओळ, नीट, सरळ.

सगळ्यात डावीकडे ठिपके काढले होते. एक ठिपका. मग चार ठिपक्यांचा चौकोन. मग नऊ ठिपक्यांचा. शेजारी लिहिलं होतं, १ = १. त्याखाली १ + ३ = ४. त्याखाली १ + ३ + ५ = ९. अशा बऱ्याच ओळी, आणि तळाशी: 'पहिल्या शंभर विषम संख्यांची बेरीज =' आणि पुढे काहीच नाही.

"चौकोनाच्या बाजूत तीन ठिपके, म्हणून तीन त्रिक नऊ," ताई पुटपुटली. "शंभर संख्या घेतल्या तर बाजूत शंभर. म्हणजे शंभर गुणिले शंभर. इतकं सोपं करून ठेवलंय आणि उत्तर लिहिलंच नाही?"

"हे पण बघ," शंकासुर म्हणाला. "यालाही शेवट नाही. याला पण नाही."

भिंतीवरच्या एकाही गणिताला शेवट नव्हता. सगळ्या पायऱ्या बरोबर, एकसुद्धा चूक नाही, आणि शेवटची ओळ गायब. रेडिओने लगेच जाहीर केलं की ही टोळीची सांकेतिक भाषा आहे, जो शेवटची ओळ लिहील त्याला खजिना मिळणार. शंकासुराने तिकडे लक्ष न देता जमीन तपासली. भिंतीपाशी धुळीत रंगाच्या डब्याच्या बुडाचे गोल उमटले होते. वरच्या ओळी बरोबर त्या गोलांच्या वर होत्या. म्हणजे लिहिणारा बुटका होता, आणि डबा पालथा घालून त्यावर उभा राहत होता.

ताई मात्र अक्षराकडे बघत होती. खडू शाळेचा नव्हता. शाळेचा खडू पांढरा आणि गोल. ही रेघ निळी होती, एका बाजूने बारीक, दुसऱ्या बाजूने पसरट. असा खडू चपटा असतो, कापडावर खुणा करायचा. आईच्या मशिनच्या खणात त्याचा डबा होता, आणि खडू संपत चालल्याची कुरकूर आई गेले काही दिवस करत होती.

हे ताईने बोलून दाखवलं नाही. ती दोघांना एवढंच म्हणाली, की इथेच लपून बसू या.

तिघं टाकीच्या पाइपांमागे दबा धरून बसली. रेडिओने आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःहून तोंडावर हात धरला. थोड्या वेळाने डबा फरफटल्याचा आवाज आला. डबा पालथा झाला, आणि त्याच्यावर चढली पिटू. तिने फ्रॉकच्या खिशातून निळा खडू काढला, भिंतीकडे क्षणभर बघितलं आणि लिहायला लागली. कुठे अडली नाही, कुठे खोडलं नाही. ओळी भराभर खाली येत गेल्या. मग एकाएकी ती थांबली, डब्यावरून उतरली, आणि फाटकाच्या दिशेला असं बघत उभी राहिली, जणू कुणी येणार आहे.

ताईला लपून राहवेना.

*

पिटू पकडली गेली तरी घाबरली नाही. ताईने हळूच विचारलं, शेवट का नाही लिहीत? तुला येत नाही?

"येतो की. पण ती उंच बाईंची ओळ आहे."

उंच बाई म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला तिसरीला शिकवायच्या त्या. दारातून येताना वाकायच्या एवढ्या उंच. वर्षाच्या मध्यावर त्या अचानक यायच्या थांबल्या. बाई सुट्टीवर गेल्यात, असं मुलांना सांगितलं गेलं, आणि त्यांच्या जागी बदली बाई आल्या.

मग पिटूने सगळं सांगितलं, आणि ते इतक्या साध्या सुरात सांगितलं की रेडिओचे डोळे भरून आले. शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात उंच बाई तिच्या बाकाशी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, सगळी मुलं कुठे ना कुठे अडतात, म्हणून मी त्यांच्याकडे जाते. तू अडत नाहीस, म्हणून तुझ्याकडे कुणी येतच नाही, आणि हे काही बरोबर नाही. तेव्हा तू असं कर, शेवटची ओळ माझ्यासाठी राहू दे. मग मला यावंच लागेल.

"आणि त्या यायच्या," पिटू म्हणाली. "रोज यायच्या. माझ्या बाकावर बसायच्या, गुडघे इथपर्यंत यायचे त्यांचे, हनुवटीपर्यंत. शेवटची ओळ आम्ही दोघी मिळून लिहायचो. मग त्या विचारायच्या, आता पुढे काय? आणि मग पुढचं असायचं. ते कुणालाच येत नसायचं, फक्त आम्ही दोघी करायचो."

बदली बाईंना यातलं काहीच कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी अर्धवट गणितं बघितली, लाल फुल्या मारल्या आणि म्हणाल्या, पुन्हा कर. पिटूने पुन्हा केली, आणि पुन्हा शेवटची ओळ ठेवली. असं अर्धं वर्ष चाललं होतं.

"अगं, पण मग तू नापास होशील ना," शंकासुर म्हणाला.

"झाले तर बरंच. उंच बाई तिसरीलाच शिकवतात. सुट्टी संपवून आल्या की तिसरीतच येणार ना त्या? मी चौथीत गेले तर कशा भेटतील?"

भिंतीवर कशाला लिहितेस, असं ताईने विचारलं, तर पिटूला तो प्रश्नच बावळट वाटला. वर्ग सुट्टीत बंद होता. बाई मध्येच आल्या असत्या, तर पिटू कुठवर पोचली ते त्यांना कळायला नको का?

*

"सोपं आहे," परत येताना रेडिओ म्हणाली. "उंच बाईंनाच जाऊन सांगायचं. त्यांनी हेडसरांना एक शब्द सांगितला की काम फत्ते!"

ताईलाही ते पटलं. बाईंचं घर औषधांच्या दुकानामागच्या गल्लीत होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पिटूला आईजवळ सोडून तिघं निघाली. जाताना ताईच्या मनात येत होतं की पिटूला आत्ता काही सांगायचं नाही, बाईंनाच घेऊन यायचं, तिचा चेहरा बघायचा. तेवढा अर्धा रस्ता ती फार आनंदात होती.

दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. बाईंसारखेच उंच, पण पाठीत वाकलेले. टेबलावर मटारच्या शेंगा सोलायच्या पडल्या होत्या. बाई आहेत का, असं ताईने विचारलं, तेव्हा त्यांनी दार पूर्ण उघडलं.

"तुम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही?" त्यांनी विचारलं.

बाई त्या हिवाळ्यातच गेल्या होत्या. आजारपण फार लांबलं नाही, एवढंच ते म्हणाले. ते बाईंचे वडील. त्यांनी मुलांना बसायला सांगितलं, आणि काही सुचेना म्हणून शेंगांची परात मध्ये सरकवली. चौघंही मटार सोलत बसली. कुणीतरी काहीतरी करत असलं की बोलणं जरा सोपं जातं.

ताईने पिटूबद्दल सांगितलं. भिंतीबद्दल सांगितलं. आजोबांचा हात शेंगेवर थांबला.

"शेवटची ओळ ठेवणारी? ती तुझी बहीण? जेवताना रोज तिच्याच गोष्टी असायच्या. मी म्हणायचो, अगं, हुशार पोरगी आहे, ती शिकेल आपली आपण, तू कच्च्या मुलांकडे बघ. त्यावर माझ्यावर अशी चिडायची! म्हणायची, बाबा, मी पण हुशार होते, माझ्या बाकाशी कधीच कुणी आलं नाही. हिला काय शिकवायचं, ही शिकलेलीच आहे, असं सगळे म्हणायचे. मी एकटी बसून खिडकीबाहेर बघायचे."

ते उठून आत गेले आणि एक छोटी पितळी नळी घेऊन आले. खडूने हात कोरडे पडायचे म्हणून बाई खडू तिच्यात घालून लिहायच्या. एक अर्धा खडू अजून तिच्यात होता. ही तिला दे, असं म्हणून त्यांनी ती ताईच्या हातात ठेवली. मग ते दाराकडे पाठ करून शेंगा आवरायला लागले, आणि मुलं बाहेर पडली. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत रेडिओ हुंदके देत होती आणि शंकासुराने कशालाच शंका घेतली नाही.

*

आईला माहीत होतं. बाबांनाही माहीत होतं. ताईने विचारलं तेव्हा आईने मशीन थांबवलं आणि पदराने डोळे पुसले. तेव्हा परीक्षा तोंडावर होती, म्हणून मुलांना सांगू नका, असं शाळेने कळवलं होतं. परीक्षा झाली की सांगू, असं ठरलं. मग सुट्टी लागली की सांगू. मग कोण सांगणार यावरच गाडी अडली. मोठ्या माणसांचं हे एक बरं असतं. अवघड काम सगळ्यांनी मिळून उद्यावर टाकलं की ते कुणा एकाचं राहतच नाही. ती लहान आहे, विसरेल हळूहळू, असं आईला वाटलं होतं. ताई म्हणाली, "आई, ती विसरली नाही गं. ती वाट बघतेय."

आई रडली, पण आत्ता नको सांगूस, असंच म्हणाली.

बरं, निदान तिसरी तरी टाळावी म्हणून तिघं हेडसरांकडे गेली. सुट्टीतही सर कचेरीत बसून रंगकामावर लक्ष ठेवत होते. त्यांनी अर्धंच ऐकून घेतलं. निकाल हा निकाल असतो, आणि मुलांनी मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नये, एवढं सांगून त्यांनी दार दाखवलं.

"ऐकून घेणार नाहीत ते," शंकासुर म्हणाला. "विनंतीला कुणी धावत येत नाही. तक्रारीला येतात."

ताईने त्याच्याकडे बघितलं. रेडिओने बघितलं. आणि दुसऱ्याच मिनिटाला रेडिओ पूर्ण आवाजात कचेरीत शिरली. सर, सर, शाळेची भिंत कुणीतरी घाण केली हो! रंगारीकाका आमच्यावर आळ घेतात, तुम्ही येऊन बघाच! सर तरातरा उठले. शेजारच्या खोलीत बदली बाई कपाटं आवरत होत्या, त्याही मागोमाग आल्या.

भिंतीसमोर येऊन सरांनी ओरडायला तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं. हेडसर होण्याआधी ते गणित शिकवायचे, हे शंकासुराने आधीच काढून ठेवलं होतं. ते एका गणितापाशी वाकले. 'अशी लहानात लहान संख्या, जिला दोनाने भागलं तर एक उरतो, तिनाने भागलं तर दोन, चाराने भागलं तर तीन, पाचाने भागलं तर चार. दर वेळी एकच कमी पडतो. तो एक मिळवला तर सगळ्यांनी भाग जाईल. सगळ्यांनी भाग जाणारी लहानात लहान संख्या ६०. म्हणून'. पुढे रिकामं.

सरांची बोटं वळवळली. त्यांनी इकडे तिकडे बघितलं. ताईने डब्यापाशी पडलेला निळा खडू उचलून पुढे केला. "साठ वजा एक," सर पुटपुटले आणि त्यांनी ५९ लिहिलं. मग पुढचं गणित. मग त्याच्या पुढचं. एकही पायरी चुकलेली त्यांना सापडेना. हात निळा झाला तेव्हा कुठे ते भानावर आले, आणि ही सातवीतल्या कुणाची करामत आहे, असं त्यांनी विचारलं.

"तिसरीतल्या मुलीची," ताई म्हणाली. "जिचा वेग कमी आहे तिची."

मग ताईने उंच बाईंचं सगळं सांगितलं. बदली बाई तिथल्याच पालथ्या डब्यावर बसल्या. मी रोज तिला पुन्हा कर म्हणत होते, असं त्या दोनदा म्हणाल्या. सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी तिघांची पाठ थोपटली, शाबास म्हणाले, पण नियमाने त्यांनाही बांधलेलं होतं. पिटूने उद्या त्यांच्यासमोर एक तरी गणित शेवटपर्यंत सोडवून दाखवलं, तर ते तिला चौथीत बसवणार होते. फक्त एक, शेवटच्या ओळीसकट. स्वतः लिहिलेली उत्तरं सरांनी रुमालाने पुसून टाकली.

सरांना वाटलं त्यांनी सोपी अट घातली. ताईला कळलं की याहून अवघड अट या जगात नव्हती.

*

सकाळी ताई पिटूला घेऊन टाकीमागे आली. बाकीची नंतर येणार होती. आईला तिने सांगितलं होतं, मी सांगणार आहे, आणि या वेळी आई नको म्हणाली नव्हती. तिने पिटूची वेणी दोनदा घातली, एवढंच.

दोघी भिंतीला टेकून बसल्या. ताईने पाठ करून आणलेलं सगळं ती विसरली. मग तिने जसं होतं तसं सांगितलं. उंच बाई सुट्टीवर गेलेल्या नाहीत. त्या आजारी पडल्या आणि वारल्या. हिवाळ्यातच.

एक मुंगी पिटूच्या चपलेवर चढली आणि उतरून गेली.

"सगळ्यांना माहीत होतं?"

"मला परवा कळलं."

"आईला?"

ताईने मान डोलावली. पिटूने भिंतीकडे बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मग मी हे कुणाला लिहिलं?"

ताईने तिला जवळ घेतलं तेव्हा कुठे ती रडली. मोठ्याने नाही. पोटातून, धापा टाकत, बराच वेळ. ताईही रडली. मी येते म्हणाल्या होत्या, खोटं बोलल्या, असं पिटू मध्येच म्हणाली. त्यावर ताईने तिला आजोबांची गोष्ट सांगितली, जेवताना रोज तुझं नाव निघायचं हे सांगितलं. बाई खोटं बोलल्या नाहीत, त्यांना येता आलं नाही. मग तिने पितळी नळी पिटूच्या हातात दिली. पिटूने ती ओळखली. तिने नळीचं टोक नाकाशी नेऊन वास घेतला आणि पुन्हा रडली.

सर आले, बदली बाई आल्या, बाबांना सोबत घेऊन आई आली. बाबांनी बसची एक फेरी दुसऱ्याला दिली होती. रेडिओ आणि शंकासुर पाइपांपाशी उभे राहिले. सर घसा खाकरून अट समजावून सांगायला लागले. पिटूने ऐकून घेतलं नाही. ती डबा ओढून चढली आणि नळीतल्या पांढऱ्या खडूने एका गणिताची शेवटची ओळ लिहिली. मग दुसऱ्याची. सर म्हणाले, "एक पुरे बाळा." ती थांबली नाही. डबा सरकवत, चढत, उतरत, नाक पुसत ती भिंतभर गेली. निळ्या ओळींखाली पांढऱ्या ओळी येत गेल्या, आणि दर ओळीला ती थोडं थांबत होती, आत्ता कुणी शेजारी येऊन बसेल म्हणून.

शेवटी एकच गणित उरलं, डावीकडचं, ठिपक्यांचं. पिटूने खडू टेकवला. मग काढून घेतला.

"ही एक राहिली," सर म्हणाले.

"ही राहू दे," पिटू म्हणाली. "ही त्यांची." मग तिने हात झटकले आणि वर्षभर न उच्चारलेला शब्द म्हणाली, "झालं."

बदली बाई पुढे आल्या. पिटूसमोर उभ्या राहून त्यांनी जरा चाचरतच विचारलं, "मग... आता पुढे काय?"

पिटूने त्यांच्याकडे मान वर करून बघितलं. "तुम्हाला खाली बसता येतं?" तिने विचारलं.

बदली बाई त्यांच्या इस्त्रीच्या कपड्यांनिशी खाली धुळीत बसल्या. पिटू त्यांच्यापासून जरा अंतर ठेवून बसली. मग तिने बोटाने धुळीत एक ठिपका काढला.

सरांनी तिला चौथीत बसवलं. तिसरीच्या मुलांना उंच बाईंचं सगळं नीट सांगायचं कामही त्यांनी शाळा उघडल्यावर स्वतःकडे घेतलं. चौकडीचं सगळ्यांसमोर कौतुक झालं, बाबांनी तिघांच्या आणि पिटूच्याही डोक्यावरून हात फिरवला, आणि रंगारीकाकांनी मैदान परत दिलं. सगळी भिंत त्यांनी पिवळी रंगवली, फक्त डावीकडचा एक तुकडा सोडून. तिथे निळे ठिपके तसेच आहेत, आणि खाली 'पहिल्या शंभर विषम संख्यांची बेरीज =' आहे. ताईला उत्तर येतं, शंकासुराला येतं, आता तर रेडिओलासुद्धा येतं. ते अजून कुणी तिथे लिहिलेलं नाही.